वाट कुठं लिहिलीय?

परवा एका तरजुम्यात तो शब्द पुन्हा आडवा आला आणि माझी अख्खी सकाळ खाऊन गेला.

काम तसं साधं होतं. इंग्रजी निकालपत्राची नऊ पानं मराठीत करून द्यायची. पक्षकार खानापूर तालुक्यातला. निकाल त्याच्या बाजूनं लागला होता, पण लागला म्हणजे नेमकं काय झालं, हे त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. "वकील म्हणाले, जिंकलास, जा कुंदा वाट. कुंदा वाटलो. पण कागदात लिवलंय काय ते बघूया की एकदा," असं म्हणत त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागदांची घडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आमच्या बेळगावात माझ्यासारख्यांचं पोट यावरच चालतं. सरकारी कागद येतो कन्नडमध्ये, वरच्या कोर्टात वाद होतो इंग्रजीत, आणि भांडण मात्र मुळात मराठीत झालेलं असतं, बांधावर उभं राहून, आयमाय काढून.

सहाव्या पानावर, मधल्या परिच्छेदात तो बसला होता. शिकेनरी, chicanery. मी कीबोर्डवरचे हात काढले आणि चहा टाकायला उठलो. या शब्दाची आणि माझी ओळख १९९५ सालची आहे. तेव्हाही तो एका निकालपत्रातच भेटला होता, आणि तेव्हा मी त्याला 'चिकनरी' असं वाचलं होतं.

त्यासाठी आधी विहिरीपाशी जावं लागेल.

आमचं शेत उचगावच्या शिवारात, मार्कंडेय नदीच्या अंगाला. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, आणि माळाकडच्या तुकड्यात रताळी. विहीर होती म्हणून उन्हाळ्यात कोबी, मिरची असं काहीबाही निघायचं आणि घरात रोख पैसा दिसायचा. १९३८ साली आज्जांची आणि त्यांच्या चुलतभावाची वाटणी झाली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, त्यामुळं वाटणीपत्र मराठीत, मोडी लिपीत, स्टॅम्पाच्या कागदावर. विहिरीचा तुकडा चुलतभावाकडं गेला आणि कागदात एक ओळ आली: 'विहिरीची वहिवाट पूर्वीप्रमाणे निमेनिम चालावी.'

सेहेचाळीस वर्षं ही ओळ कुणी वाचली नाही. वाचायची गरजच पडली नाही. आज्जा पूर्वेच्या बांधावरून विहिरीवर जायचे, मोट धरायचे, परत यायचे. पुढं मोट गेली, पाच हॉर्सपॉवरचं इंजिन आलं. बांध तोच राहिला. पावलांनी त्याच्यावर अशी वाट पडली होती की तिथं गवत उगवायचं बंद झालं होतं.

आज्जा गेले, त्यांचा चुलतभाऊही गेला. १९८४ च्या जानेवारीत एका सकाळी बाबा इंजिनाचं हँडल घेऊन निघाले, मागून मी डिझेलचा कॅन घेऊन. बांधाच्या तोंडाशी शेराचं कुंपण. ताजं, कापलेल्या फांद्यांतून अजून चीक गळत होता. पलीकडं चुलतभावाचा मुलगा, ज्याला मी तात्या म्हणायचो, उकिडवा बसून तंबाखू मळत होता.

बाबांनी विचारलं, "हे काय गा?"

तात्यानं तंबाखू ओठाखाली ठेवली. हात झटकले. आवाज न चढवता म्हणाला, "पाणी तुझंच हाय की. निमं तर निमं. मी कधी नाही म्हटलो? वाट कुठं लिहिलीय तेवढं दाखव."

मी तेव्हा सातवीत होतो. मला त्याचा राग आला नाही, खरं सांगायचं तर गंमत वाटली. शाळेत कोडं घालतात तसं काहीतरी. पाणी आहे, वाट नाही. नेणार कसं? बाबा किती तरी वेळ हँडल हातात धरून उभे होते. मग वळले आणि माझ्या हातातला कॅनही स्वतःच घेतला.

त्यानंतर अकरा वर्षं. 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' हे आईनं बाबांना किती वेळा ऐकवलं असेल याची मोजदाद नाही. म्हण बरोबर आहे, फक्त वेड्याला तिथं कोण ओढून आणतं ते ती सांगत नाही.

पहिल्यांदा वाटणीपत्र वाचायचा प्रश्न आला. शहापुरातून मोडी वाचणारे एक आजोबा शोधून आणले. जाड चष्मा, धोतर, कोट. त्यांनी कागद घडाघडा वाचला. समोरच्या वकिलानं विचारलं, मोडी कुठं शिकलात? आजोबा म्हणाले, घरात, वडिलांकडं. वकील म्हणाले, म्हणजे दाखला नाही. दाखल्याचा माणूस मिळेपर्यंत चार तारखा गेल्या. मग वाटणीपत्रावरचं आमच्या आज्जांचं नाव आणि सात-बाऱ्यावरचं नाव यांत वडिलांच्या नावाचा एक 'जी' कमी निघाला. तोच माणूस कशावरून? मग 'पूर्वीप्रमाणे' या शब्दावर गाडी आली. पूर्वीप्रमाणे म्हणजे १९३८ च्या पूर्वी जसं होतं तसं. तेव्हा मोट होती. तेव्हा इंजिन नव्हतं. मग इंजिन लावून पाणी ओढणं हे 'पूर्वीप्रमाणे' कसं? हे मी स्वतः बाकावर बसून ऐकलंय. ऐकताना एक क्षण वाटून गेलं की माणूस चुकीचं काय बोलतोय?

सगळ्यात मोठा घोळ 'वहिवाट' या शब्दानं घातला. मराठी माणसाला वहिवाट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वापर, ताबा, रीत, जाणं-येणं, सगळं त्या एका शब्दाच्या पोटात आहे. 'वहिवाटीचा रस्ता' असंही आपण म्हणतो. पण कागदाचा इंग्रजी तरजुमा झाला आणि तिथं वहिवाटीला शब्द आला 'एन्जॉयमेंट'. कायद्याच्या भाषेत तो बरोबरच आहे, आज मीही तोच लावीन. फक्त त्यातून वाट गळाली. वहिवाट म्हणजे उपभोग, उपभोग पाण्याचा, रस्त्याचा उल्लेख नाही, असा युक्तिवाद उभा राहिला. बाहेर व्हरांड्यात तात्या हसत हसत बाबांना म्हणाला, "एन्जॉय करा की गा, कोण आडवतंय?" सगळे हसले. बाबाही हसले. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट कुठली असेल तर ते हसणं.

१९८९ ला पहिला निकाल आमच्या विरुद्ध गेला. अपील केलं. दोन म्हशी विकल्या. उन्हाळी भाजी बंद होतीच, आईनं घरोघरी रताळ्याच्या पोळ्या करून द्यायचं काम धरलं. अपिलाच्या वेळचे वकील तरुण होते आणि त्यांनी १८८२ चा वहिवाटीच्या हक्कांचा कायदा काढला. त्यातलं २४ वं कलम म्हणतं, ज्याला हक्क दिला त्याला तो हक्क भोगण्यासाठी जे करणं भाग आहे ते करण्याचाही हक्क आहे. कायद्यातच उदाहरण दिलेलं आहे: दुसऱ्याच्या जमिनीतून आपल्या टाकीला पाण्याचा नळ नेण्याचा हक्क असेल, तर तो नळ दुरुस्त करायला त्या जमिनीत शिरून खणताही येतं. म्हणजे आमच्या तात्यासारखा कुणीतरी त्या कायदेवाल्यांच्याही शिवारात असणार. नाहीतर शंभर वर्षं आधी एवढं नेमकं सुचेल कसं?

१९९५ च्या मे महिन्यात निकाल आला. टाइप केलेली चौदा पानं. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलेला, घरातला एकुलता एक इंग्रजी वाचणारा. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी चाळायला लागलो. बाबा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"काय वाचूलालास एवढं? काय म्हणतंय?"

"पाणी कबूल करायचं आणि वाट नाकारायची म्हणजे," मी अडखळलो, "चिकनरी आहे, असं म्हणतंय."

"काय आहे?"

शेजारी उभे असलेले कारकून खो खो हसले. वकिलांनी मग उच्चार सांगितला. 'च' नाही, 'श'. शिकेनरी. मधल्या 'के'वर जोर. अर्थ विचारला तर फायली आवरता आवरता म्हणाले, "लबाडी हो, लबाडी."

बाबा काही बोलले नाहीत. कोर्टातून बसस्टँडपर्यंत चालत आलो, तेवढ्या वाटेत एकदाच थांबले. "लबाडी न्हवं ते. लबाड खोटं बोलतो. तो एक शब्द खोटा बोलला नाही. अकरा वर्षांत एक शब्द नाही."

शब्दकोशांनी पुढं मला जे काही शिकवलं, ते या एका वाक्याच्या पुढं फारसं गेलं नाही.

तरी शब्दाचं घराणं सांगितलं पाहिजे, कारण ते खानदानी आहे. मूळ फ्रेंच. तिकडं 'शिकानरी' म्हणजे कोर्टकचेरीत काढलेली खुसपटं, वादाला फुटणारे फाटे. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला तो वकिलांच्या काळ्या डगल्याला चिकटूनच, आणि अजून तो वास पूर्ण गेलेला नाही. इंग्रजी वर्तमानपत्रात राजकारणातली शिकेनरी, हिशेबातली शिकेनरी, निवडणुकीतली शिकेनरी असं वाचायला मिळतं. सहसा अनेकवचन करत नाहीत, 'एक शिकेनरी, दोन शिकेनऱ्या' असं नाही. आपण 'लबाडी चालू आहे' म्हणतो तसं ते एक चालू असलेलं प्रकरण असतं. पाकीटमाराला हा शब्द लागत नाही. दूधात पाणी घालणाऱ्यालाही नाही. त्याला कागद लागतो, कलम लागतं, नियम लागतो, आणि तो नियम नीट पाठ असलेला माणूस लागतो.

फसवणूक वेगळी. तिला पोलीस आहेत. १८६० च्या दंडसंहितेतलं ४२० कलम आपल्या बोलीत इतकं मुरलं की माणसालाच चारसोबीस म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ते कलम गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. तरी 'तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे' असं अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही. पण पोलीस ठाण्यात जाऊन शिकेनरीची फिर्याद देता येत नाही. फौजदार विचारेल, खोटं काय बोलला? आणि तुम्ही गप्प बसाल.

इंग्रजीत तिची भावंडं भरपूर. 'शनॅनिगन्स' हे पोरकट, हसून सोडून देण्यासारखं, अमेरिकेतून आलेलं. 'स्कलडगरी' अंधारातलं, खलबतं करणारं. त्याचा मूळ स्कॉटिश शब्द अश्लील चाळ्यांसाठी होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०१५ साली न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात बहुमताच्या अर्थ लावण्याला 'जिगरी-पोकरी' म्हटलं होतं, तेव्हा सगळं जग कोश उघडून बसलं होतं. मला या सगळ्यांत शिकेनरीच जास्त थंड वाटते. हात न उगारता, आवाज न चढवता, तंबाखू मळत बसलेली.

याच शब्दाचं दुसरं रूप 'शिकेन'. मोटारींच्या शर्यतीच्या सरळ रस्त्यावर गाड्यांचा वेग मोडावा म्हणून मुद्दाम घातलेलं नागमोडी वळण. शर्यतीचं मैदान मी पाहिलेलं नाही, पण शिकेन पाहिलंय. सीमेवर वातावरण तापलं की निपाणीच्या पुढं कोगनोळीजवळ हायवेवर बॅरिकेड्स येतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. रस्ता बंद केलाय असं कुणालाही म्हणता येत नाही. गाडी जाते की. फक्त कोल्हापूरला दवाखान्यात निघालेल्या माणसाचा तास जातो.

जर्मन लोकांनी तर या शब्दाचं काय केलं ते कळलं तेव्हा मी खुर्चीत सरळ झालो. तिकडं 'शिकाने' म्हणजे छळ. वरिष्ठानं हाताखालच्याला, कचेरीनं सामान्य माणसाला नियमावर बोट ठेवून दिलेला त्रास. १९०० पासून लागू असलेल्या जर्मन दिवाणी संहितेत २२६ वं कलमच आहे: हक्क बजावण्याचा हेतू दुसऱ्याला इजा करणं एवढाच असू शकत असेल, तर तो हक्क बजावता येणार नाही. या कलमाला तिकडं शिकानेबंदीच म्हणतात. म्हणजे तात्या तिकडं असता तर त्याला सांगता आलं असतं, बाबा रे, कुंपण घालणं हा तुझा हक्क खरा, पण तुला त्यातून मिळतंय काय? ना तुझं पीक वाढतंय, ना जमीन.

मी सरळ झालो त्याचं कारण दुसरंच होतं. हेच, अगदी हेच, आपल्या मराठीत झालेलं आहे.

एवढी वर्षं मी शिकेनरीला मराठी जोड शोधत होतो. 'कावा' लावून पाहिला. कावा म्हणजे मुळात घोड्याला गोल गोल फिरवणं, त्यातून हुलकावणी आणि मग गनिमी कावा. त्यात मर्दुमकी आहे, तात्यात ती नव्हती. 'मखलाशी' जवळ आली. आज मखलाशी म्हणजे चुकीच्या गोष्टीला गोड शब्दांचा मुलामा. पण जुन्या दप्तरांत यादीतल्या कलमांपुढं वरिष्ठ जो निर्णय लिहीत ती मखलाशी. सरळ सरकारी शेरा होता बिचारा. शेऱ्यातून मुलामा कसा निघाला हे कुठल्याही कचेरीत चार दिवस काढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 'शब्दांचा कीस काढणं' चांगलं आहे, पण त्यात वेळ जातो, कुणाचं नुकसान होत नाही. 'केसानं गळा कापणं' फार रक्ताळ.

आणि मग जुन्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या शास्त्रात, हात घातला तेव्हा शब्द सापडला: छल. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात कोणकोणत्या लुच्चेगिऱ्या होतात त्यांची चक्क वर्गवारी आहे, आणि छलाची व्याख्या आहे: 'वचनविघातोऽर्थविकल्पोपपत्त्या छलम्'. बोलणाऱ्याच्या शब्दाला दुसराच अर्थ लावून त्याचं म्हणणं पाडणं, म्हणजे छल. तीन प्रकार: वाक्छल, सामान्यछल, उपचारछल. वाक्छलाचं ठरलेलं उदाहरण असं. एकजण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडं नवं कांबळं आहे. समोरचा म्हणतो, नव म्हणजे नऊ. नऊ कांबळी कुठं आहेत? एकच तर दिसतंय. खोटं बोललास.

मी ते वाचलं आणि मोठ्यानं हसलो. नऊ कांबळी कुठं आहेत? वाट कुठं लिहिलीय? दोन हजार वर्षांत प्रश्न विचारायची ढबसुद्धा बदललेली नाही.

पण आता मराठीत या. संस्कृतातला छल मराठीत आला आणि त्याचा झाला 'छळ'. वाक्छल, छलकपट अशा जोडशब्दांत जुना अर्थ कुठं कुठं राहिला, पण एकटा उभा राहिला की तो छळच. सासूनं सुनेचा केलेला, सावकारानं कुळाचा केलेला. फसवण्याचा शब्द त्रासाचा झाला, जर्मनीत झाला तसाच. हे कसं घडलं याचा माझा आपला एक अंदाज आहे, भाषापंडितांनी हसावं. संस्कृतात छलाबद्दल लिहिणारे वादसभेत बसलेले होते. त्यांना डाव दिसत होता, डावाची नजाकत दिसत होती. मराठी बोलणारा ज्याच्यावर डाव पडला तो होता. त्याला नवकंबल नि वाक्छल काय करायचंय? त्याला खेपा दिसत होत्या, वाया गेलेला दिवस दिसत होता. तारखेला निघालेल्या बाबांच्या हातात भाकरीचं गाठोडं देताना आई म्हणायची, "कसला छळ मांडलाय." तिला न्यायसूत्रं ठाऊक नव्हती. शब्द मात्र तोच वापरत होती.

आमच्या या मुलखात शब्दांचे असे खेळ पावलोपावली. मराठीत मसलत म्हणजे विचारविनिमय, सल्ला. तोच शब्द कन्नडात मसलत्तु होऊन गेला आणि तिथं त्याचा अर्थ कट. बेळगावात चार मराठी माणसं मसलतीला बसली असं म्हटलं आणि शेजारच्या कन्नड माणसानं ते ऐकलं, तर त्याला काय ऐकू येत असेल? सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा घातला तो २००४ चा. दोन्हीकडच्या माणसांना समोरच्याचा तो कावा आणि आपलं ते धोरण वाटतं. यावर मी जास्त लिहीत नाही, मला दोन्ही भाषांत पोट भरायचंय.

छल शब्दाची आणखी एक वाट मात्र सांगायचीच आहे, आणि ती मला त्याच दिवशी, १९९५ च्या मेमध्ये, कोर्टाच्या पायरीवर भेटली होती. तेव्हा ती मला कळली नाही.

बैलहोंगलकडचे एक अण्णा होते. त्यांचाही भावकीचा दावा. बाबांची आणि त्यांची ओळख व्हरांड्यातली. दोघांच्या तारखा बऱ्याचदा एकाच दिवशी पडायच्या. अण्णांना मराठी येत होतं पण बोलायचे कन्नडच, बाबांना कन्नड समजत होतं पण बोलायचे मराठीच. असं अकरा वर्षं. बाबांची भाकरी आणि अण्णांची शेंगा चटणी एकाच कागदावर पसरलेली असायची. त्या दिवशी निकाल कळला तसे अण्णा आले, बाबांचे दोन्ही हात धरले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "निम्मप्पग छल भाळ इत्तु नोड."

माझं कन्नड तेव्हा बाजारापुरतं. 'तुझ्या बापाकडं भाळ म्हणजे पुष्कळ होता' एवढं कळलं. आणि काय होता? छल. माझ्या हातातल्या कागदात ज्याला शिकेनरी म्हटलं होतं, ती हा माणूस माझ्या बापाला चिकटवत होता. माझं डोकंच फिरलं. "छल आमच्याकडं कुठला?" असं काहीतरी मी फाडकन बोललो. अण्णा गोंधळले. बाबांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि म्हणाले, "गप. चांगलं म्हणूलालेत ते."

कन्नडात छल म्हणजे जिद्द. धरलेलं न सोडणं. हा त्यांच्याकडं मोठा मानाचा शब्द आहे. दहाव्या शतकातल्या पंप कवीचा महाभारतावरचा श्लोक शिकलेल्या कन्नड माणसाच्या तोंडी असतो: छलात दुर्योधन, सत्यात कर्ण, मर्दुमकीत भीमसेन. आपल्याला दुर्योधन म्हटलं की फाशांतलं कपट आठवतं, शकुनीमामा आठवतो. म्हणजे आपल्या अर्थानंही तो छलातच पहिला! पंपाला मात्र त्याचं हट्टानं शेवटपर्यंत उभं राहणं दिसलं. हे सगळं मला कळलं ते पुढं, कन्नड रीतसर शिकलो तेव्हा. शिकलो कशासाठी म्हणाल, तर पुन्हा कुणा चांगल्या माणसावर असं उगाच फाडकन ओरडायची पाळी येऊ नये म्हणून, आणि नोकरी नव्हती म्हणून. दोन्ही खरं.

निकालाप्रमाणे वाट मिळाली. सर्व्हेवाले आले, साखळी टाकली, शेराचं कुंपण तोडलं. अकरा वर्षांत ते मनगटाएवढं झालं होतं. आम्ही सगळे विहिरीवर गेलो. आजूबाजूला तोवर बोअर झाल्या होत्या. तळाला गाळ, एक फुटकी घागर आणि कुणाची तरी चप्पल. तात्या लांब बांधावर उभा होता. बाबा त्याला हाक मारून म्हणाले, "वाट मिळाली गा. आता पाणी कुठं लिहिलंय दाखव." तात्या हसला. यावेळी बाबा हसले नाहीत. पण संध्याकाळी तात्याकडून कोबीचे दोन गड्डे आले आणि आईनं ते ठेवून घेतले.

बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली.

तर परवा चहा पिऊन मी पुन्हा त्या सहाव्या पानावर आलो. आधी 'लबाडी' लिहिलं, लगेच खोडलं, बाबांच्या भीतीनं. 'कायदेशीर खुसपटं' लिहिलं, ते हलकं वाटलं. 'वाक्छल' बरोबर होतं पण खानापूरच्या त्या माणसाला तो शब्द पुन्हा कुणाकडून तरी समजून घ्यावा लागला असता, आणि तेवढ्याचसाठी तर तो माझ्याकडं आला होता. शेवटी लिहिलं: 'प्रतिवादीने शब्दांचा छल करून वादीचा हक्क अडवून धरला.'

संध्याकाळी तो आला. मी वाचून दाखवतो म्हटलं तर नको म्हणाला, स्वतःच वाचतो. बोट ठेवून, ओठ हलवत एकेक ओळ वाचली. सहाव्या पानावर बोट थांबलं.

"छळ," तो म्हणाला. "बरोबर लिवलंय. सोळा वर्षं छळलंय आमाला."

"छळ नाही, छल आहे ते. ल," मी म्हणालो.

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, परत लांब धरला.

"एकच की," म्हणाला, आणि सातव्या पानाला थुंकी लावली.